दादाच्या पिवळ्या रेघा

गाडीतून पॉवर स्टिअरिंग काढून टाकायचं दादाच्या डोक्यात आलं, तेव्हा मी त्याला सरळ वेड्यात काढलं होतं. हलकं स्टिअरिंग मिळावं म्हणून लोक जास्तीचे पैसे मोजतात आणि हा माझा सख्खा मोठा भाऊ चांगलं चालणारं उपटायला निघाला होता. "ह्यात रस्ता हाताला कळतच न्हाई राव," तो म्हणाला. "लोण्यात हात घातल्यागत लागतंय."

दादा चाकणला कंपनीत होता, गाड्या जोडायच्या लाइनवर. आठवडाभर लोकांच्या गाड्या जोडायच्या आणि रविवारी सकाळी चिखलीत माझ्या गॅरेजात येऊन स्वतःची खोलायची, हाच त्याचा आराम. वहिनी त्या लाल गाडीला सवत म्हणायची. गाडी जुनी, लहानशी, पण इंजिन त्यानं असं काही तयार केलं होतं की निगडीच्या सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून बघायचा.

आधी आम्ही शॉर्टकट मारला. स्टिअरिंगला तेलाचा जोर देणाऱ्या पंपाचा पट्टा काढला की झालं, असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. निगडी प्राधिकरणातल्या पहिल्याच वळणावर दोघांना घाम फुटला, कारण आत राहिलेलं तेल हाताशी भांडत होतं. मग कुदळवाडीच्या भंगारातून त्याच गाडीच्या साध्या, बिनपॉवरच्या मॉडेलचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा लांब दांडा, शोधून आणला आणि जुना रॅक, पंप, नळ्या, सगळं उतरवलं. दादानं प्रत्येक नट स्वतः आवळला. मग खिशातून पिवळ्या रंगाचं पेन काढून नटावरून खाली पत्र्यापर्यंत एकेक रेघ ओढली. ही त्यांच्या लाइनवरची पद्धत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच कळतं.

"रेघ मारली म्हंजी माझी जबाबदारी," तो म्हणाला. "आता हितं कुणी हात लावायचा न्हाई."

जागेवर वळवताना ते स्टिअरिंग जीव काढायचं. पण गाडीनं वेग घेतला की खडी, खड्ड्यावरचं ठिगळ, ओलं डांबर, सगळं तळहाताला कळायचं. मला ते कबूल करायला जड गेलं, पण दादाचं बरोबर होतं. काढलेलं सामान मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं.

तिसऱ्या वर्षी दादाला कॅन्सर निघाला. औषधांनी त्याचे केस गेले, मग हातातला जोर गेला. एका रविवारी वहिनी त्याला रिक्षानं गॅरेजात घेऊन आली. तो गाडीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. ते चार बोटं हललं आणि थांबलं. वहिनी उगाचच रस्त्याकडे बघत राहिली.

"माळ्यावरचं पोतं काढ," दादा म्हणाला. "पॉवर बसव परत."

"तुझ्या रेघा आहेत त्याच्यावर."

"तोड की. मीच सांगतोय न्हवं? एकदा निगडीपत्तोर जाऊन येतो, बास."

मला राग आला. राग आजाराचा होता, निघाला त्याच्यावर. "हात बरा होऊ दे, मग हेच चालव. आत्तापासून हार मानतोस काय?" असं त्याला म्हणालो. मी धीर देतोय असं मला वाटत होतं. पुढं त्यानं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी कामाचं निमित्त सांगितलं. काम उण्यापुऱ्या दोन दिवसांचं होतं. खरं सांगायचं तर ते पोतं खाली काढणं म्हणजे दादा आता बरा होत नाही हे मान्य करणं, आणि तेवढी माझी छाती नव्हती.

दादा गेला. महिनाभरानं वहिनी गॅरेजात आली. "भाऊजी, गाडी विकायची नाही," ती म्हणाली. "मला शिकवा. सवत असली तरी घरातली आहे."

मी पोतं काढलं. पाना लावल्यावर पहिली पिवळी रेघ तुटली, तेव्हा गाडीखाली पडल्या पडल्या मी ढसाढसा रडलो. सगळं बसवून झाल्यावर दादाचंच पेन घेऊन नव्या रेघा मारल्या. त्या वाकड्या आल्या.

वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी इंजिन चालू करायला सांगितलं. तिनं भीत भीत दोन बोटांनी स्टिअरिंग फिरवलं आणि चाकं वळली.

"एवढाच जोर लागतो?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात दादा माझं मनगट धरून झोपायचा. हात सोडवून घ्यायला मला त्याचं एकेक बोट उघडावं लागायचं.