एका विहिरीवरची दोन वावरं

मारेगाव मागे पडलं आणि बसच्या खिडकीतून नुसती कपाशी दिसू लागली. कापसाचं सगळं बिनसलेली ती वर्षं. पानं तांबूस, बोंडं बारीक. मी मुकुटबनला निघालो होतो. पुढे परदेशातल्या एका परिषदेत मला छातीठोकपणे सांगायचं होतं की स्वयंचलित नियंत्रणानं देशादेशांतली पाण्याची भांडणं मिटतील. पुरावा म्हणून माझ्याकडे मुकुटबनची एक सामाईक विहीर होती.

तिच्यावर दोन वावरं (शेतं), एक सुलोचनाबाईंचं, एक उत्तमरावांचं. दोन्हीकडे मी ओल मोजणाऱ्या कांड्या रोवल्या होत्या. जे वावर कोरडं, तिकडे पाणी आपोआप वळायचं.

पोचलो तर दोघांचं बोलणंच बंद. "तुमच्या यंत्रानं माह्या पऱ्हाटीले (कपाशीला) पाणीच नाही देल्लं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "उत्तमरावनं काहीतरी करून ठेवलं." बोंडं भरायचे दिवस होते. असंच चाललं तर त्यांचं पीक गेलंच.

उत्तमरावांकडे 'जय भीम' झालं, भाकर-झुणका पुढे आला. "मी कायले हात लावू, साहेब? पहिले आमी सकाळी एकमेकाच्या वावरात जाऊन पाहत होतो, मंग पाणी कोणाले ते ठरवत होतो. आता तुमचं यंत्रच पाह्यते."

दुपारभर तारा तपासल्या. सुलोचनाबाईंच्या जमिनीला भेगा, आणि यंत्र म्हणतंय ओल भरपूर! माझं डोकंच चालेना.

सकाळी सुलोचनाबाई लोटा घेऊन वावरात आल्या. कांडीला हळदकुंकू लावलं आणि वरून पाणी घातलं.

"हे काय?"

"पाणी देते ना ते? रोज पूजा करून राह्यली मी."

हसावं की रडावं, मला कळेना. कांडी भिजली की यंत्राला सगळं वावरच ओलं वाटतं, हे सांगितल्यावर त्या ओशाळल्या आणि तडक उत्तमरावांकडे गेल्या. "भाऊ, माहीच चूक. उगाच तुमच्यावर आळ घेतला."

"एकडाव येऊन पाह्यलं असतं, बाई," ते एवढंच म्हणाले.

मग मी दोन बटणं बसवली, प्रत्येकाचं बटण दुसऱ्याच्या वावरात. दोन्ही दाबल्याशिवाय मोटार सुरू होणार नाही. हे नियंत्रण म्हणायचं की माझी हार, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये भाषण काढलं. 'माणसाची गरज उरत नाही' हे वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तेवढ्यात उत्तमरावांचा फोन आला.

"साहेब, बटण दाबाले बाईच्या वावरात आलो, बाईही माह्या वावरातलं दाबून आली, तं तिनं चहा ठेवला. गोष्टीत इसरलोच, मोटार अजून चालू हाय."

"अहो, पण पाणी कोणाच्या वावरात चाललंय?"

"तेच पाह्याले चाललो आता," ते म्हणाले. "दोघंही."