सूतभर माफ

मास्तरांच्या टेपला दोन बाजू होत्या आणि त्यातली सेंटिमीटरची बाजू त्यांनी काळ्या चिकटपट्टीने झाकून टाकली होती. "मीटर कापडाला, माणसाला फूट," म्हणायचे. उभा जन्म गिरणीच्या सुतारखात्यात गेलेला. वाराचे मीटर झाले तेव्हापासूनच गिरणीला उतरती कळा लागली, हे त्यांचं ठाम मत. मालक, संप, जमिनी, कुणाचाच दोष नाही. दोषी फक्त मीटर.

परळला आमच्या चाळीमागच्या व्यायामशाळेत ते मुलींना पोलीस भरतीसाठी तयार करत. एक पैसा घेत नसत, हे कबूल करते. बाकी माणूस आडमुठा. आतल्या लाकडी खांबावर प्रत्येकीची उंची पेन्सिलीने आखून ठेवत: फूट, इंच आणि सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी पाच फूट एक इंचाला सूतभर कमी भरले. भरतीला मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागतात. तेवढी भरेन का, असं विचारलं, तर म्हणाले, "म्हणजे पाच-एकच. सूतभर माफ." आणि रेघ वर सरकवली.

त्या शब्दावर मी नर्सिंगची मिळालेली जागा सोडली आणि दोन वर्षं मैदानाला फेऱ्या मारल्या. भरतीच्या दिवशी धावायची वेळच आली नाही. उंचीच्या पट्टीखाली उभी राहिले आणि बाहेर पडले. चार मिलिमीटर कमी. फाटकाशी मास्तर आपली टेप नाचवत हवालदाराशी हुज्जत घालत होते. मला त्यांची लाज वाटली आणि भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. आता एका दवाखान्यात केसपेपरवर पेशंटची वजन-उंची लिहिते. गेल्या वर्षी रांगेत मास्तर उभे, पाठीत वाकलेले. म्हणाले, "खांबावर एकशे पंचावन्नची रेघ मारलीय. तुझ्यानंतर मारली. चार पोरी लागल्या."

मी त्यांना पट्टीखाली उभं केलं. एकशे एकसष्ट, म्हणून सांगितलं.

"फुटात सांग गो."

"इथे फूट चालत नाहीत," मी म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

दिवाळीआधी मास्तर गेले. पाच फूट तीन इंच तीन सूत. त्यांची उंची मोजली त्याच दिवशी घरी येऊन मी हिशेब केला होता, एक सूतही माफ न करता.