पुड्याला ठेवलेलं भोक

किराणा दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी उदबत्तीचा पुडा उचलला, नाकाशी नेला, क्षणभर डोळे मिटले आणि पिशवीत टाकला. पुड्याच्या कोपऱ्यात वास घेण्यासाठी बोटाच्या पेराएवढं भोक ठेवलेलं होतं.

त्या पुड्याचं डिझाइन मला करायचं होतं. घरून काम करणाऱ्या डिझायनरच्या मनात असं एखादं गिऱ्हाईक असतंच, ज्याच्या कामासाठी ती झुरते. ओळखी काढून मी त्या उदबत्तीच्या कारखान्यात पोचलेही होते. मालकीणबाईंनी मोगऱ्याच्या ताज्या काड्या माझ्यापुढे धरल्या.

"आधी वास घेऊन बघा," त्या म्हणाल्या.

"हो, घेते ना," म्हणत मी लॅपटॉप उघडला. रंग, अक्षरं, मोगऱ्याची फुलं, सगळं घरूनच तयार करून नेलं होतं. त्यांनी शांतपणे पाहिलं. काड्या त्यांच्या हातातच राहिल्या.

"छान आहे. कळवते," त्या म्हणाल्या.

हव्याशा माणसाकडे जाताना आपण दाखवायचं इतकं घेऊन जातो, की त्याने पुढे केलेलं घ्यायला हात मोकळा राहत नाही.

हे काम शेवटी ज्या दुसऱ्या कुणाला मिळालं, त्याने तो वास घेतला असणार. अक्षरं मात्र माझीच बरी होती, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

दुकानात मीही एक पुडा उचलून भोकाशी नाक नेलं. मोगऱ्यामागून किंचित कडसर, हिरवा वास आला, नुकत्याच खुडलेल्या देठाचा.

मी काढलेल्या फुलांना देठच नव्हते.