सुनेसमोर उभा राहिलेला नारळ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आमचे हे नारळावर पाणी बघायचे — तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचं, खाली पाणी असलं की तो उभा राहतो म्हणे — त्यावरही नव्हता. कितीतरी बोअर कोरडे गेलेले मी पाहिलेत!

चार वर्षांमागची, २००६ सालची गोष्ट, आमच्या नांदे गावातली. शेजारच्या प्लॉटवर पाणी बघायला हे सकाळी तळहातावर नारळ घेऊन निघाले. सून सुजाता ओट्यावर घेवडा निवडत होती, सहावा महिना सरत आलेला. तिच्यासमोर येताच नारळ उभा राहिला... आणि जागच्या जागी गरगर फिरायला लागला. असा फिरताना मी कधी पाहिला नव्हता. हे मागं सरले, नारळ आडवा. पुढं आले, पुन्हा तेच.

"मामा, बोअर माझ्यातच मारताय का?" सुजाता हसली.

हे हसले नाहीत. मुलाला म्हणाले, "पम्या, पोरीची परत तपासणी कर."

"आबा, चौथ्या महिन्यात झालीया की! डाक्टरला काय सांगू, नारळ फिरला?"

"काय बी सांग. पर ने."

(त्या दिवशीचा बोअर कोरडाच गेला, हेही सांगून ठेवते.)

पुण्यात नेलं. आधी बाळ लहान होतं, हृदय नीट दिसलं नव्हतं. आता दिसलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं — हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालीये. शुद्ध रक्त अंगात न जाता फिरून फुफ्फुसातच येतं.

मी म्हटलं, "म्हंजी विहिरीचं पाणी उपसायचं आन् परत विहिरीतच सोडायचं?"

"अगदी तसंच, मावशी. पोटात आईच्या जिवावर निभावतंय. नाळ कापली की निळं पडेल."

आणि बाळंतपण तर माहेरी ठरलेलं, धरणापल्याड... तिथं साधा दवाखाना नाही. मग ते रद्द केलं, पुण्यातच मोठ्या हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगी. खरंच निळी पडली, पण डॉक्टर तयारीत होते. आठवड्याच्या आत ऑपरेशन झालं.

नात आता चार वर्षांची आहे, कोंबड्यांमागं पळते.

यांना एकदा विचारलं, "अहो, तुमाला तवा नेमकं काय कळलं?"

"काय बी न्हाई," म्हणाले. "भ्या वाटलं, येवढंच."