लाल नाब्लाच्या बापाचं नाव

इनिशरोन बेटावर आडनाव फक्त टपालवाला वापरतो. बाकी सगळे माणसाला त्याचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं, अशी हाक मारतात. नुसत्या हाकेवरून माणसाचं खानदान कळतं. असं असताना ओवेन फेलिमच्या मुलीला अख्खं बेट ‘नाब्ला रुआ’ म्हणायचं. रुआ म्हणजे लाल. हिच्या नावापुढे बापाचं नाव लावायची वेळ आली की सगळ्यांना खोकला यायचा.

कारण उघड होतं. ओवेन कोळशासारख्या काळ्या केसांचा, त्याची बायको सोरखा तपकिरी केसांची, आणि पोर जन्मली ती तांब्याचं भांडं घासून ठेवावं तशी. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एक लाल केसांचा कल्हईवाला बेटावर मुक्काम ठोकून होता. त्याने घरोघरची भांडी सांधली, पण बेटाने हिशेब जुळवला तो फक्त सोरखाच्या घराशी. सोरखा बिचारी पुढे वीस वर्षं खाली मान घालून विहिरीवर गेली आणि दोन वर्षांमागे तशीच खाली मान घालून मेली.

लाल केसांचं माणूस, आणि त्यातून बाई, सकाळी वाटेत आडवं आलं तर मासे मिळत नाहीत, हे तर तिथे तान्ह्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे होड्या पाण्यात पडेपर्यंत नाब्लाने उंबरा ओलांडायचा नाही, असा शिरस्ता होता. चुकून दिसली तर तगडे तगडे गडी वल्ही खाली ठेवून घरी परतत आणि चुलीपाशी बसून चहा ढोसत. मला विचाराल तर त्यातल्या निम्म्यांना थंडीत जायचंच नसायचं. पण बोल मात्र नाब्लाला लागायचा.

त्या वर्षी ओवेन शेवाळावर घसरला आणि त्याचा उजवा हात मोडला. नेमका बांगडा खाडीत शिरायच्या वेळेला. होडी तिघांची: ओवेन, म्हातारा टर्लॉ आणि त्याचा पुतण्या कॉनल. बेटावरचे बाकीचे तरणे गडी बटाटे काढायला स्कॉटलंडला गेलेले. नाब्ला सरळ टर्लॉच्या दारात जाऊन उभी राहिली.

“टर्लॉकाका, बाच्या जागी मी येते.”

टर्लॉने तोंडातली चिलीमसुद्धा काढली नाही. “तू? अगं बये, तू वाटेत दिसलीस तर आम्ही माघारी फिरतो. आता तुला होडीत बसवून मिरवू का?”

“खाडीपलीकडून चुलीत जाळायच्या पीटच्या मातीने भरलेल्या जड होड्या वल्हवत आणते ती मीच ना? तेव्हा माझे केस नाही दिसत?”

“पीटला डोळे नसतात. माशांना असतात.” मग कॉनलकडे बघून तो मिस्किल हसला. “आणि ओवेनची जागा ओवेनच्या रक्ताला द्यायची म्हटलं, तर तो कल्हईवाला कुठं शोधायचा?”

कॉनल खिंकाळला. नाब्लाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं, पण ती हलली नाही.

“कधीपर्यंत थांबतोस?”

“रविवारी चर्च सुटलं की पलीकडच्या गावातून गडी आणतो. एकदा आणला की जागा त्याचीच. मग रडत येऊ नकोस.”

“रडायला कोण आलंय?” असं म्हणून ती वळली. घरी पोचेपर्यंत तिने ठरवून टाकलं होतं की ही जागा सोडायची नाही. कशी मिळवायची ते तिला ठाऊक नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी टपालाच्या होडीतून नर्स डेव्हनीबाई ओवेनचा हात बघायला आल्या. हात मोडल्यापासून ओवेनने गळ्याभोवती मफलर नाकापर्यंत गुंडाळून ठेवला होता, जेवायचासुद्धा भिंतीकडे तोंड करून. नाब्लाला वाटलं, दुखण्याने माणूस हिरमुसला असेल.

“काढा बघू ते गाठोडं,” नर्सबाई म्हणाल्या. “घसा बघू दे.”

“घसा बरा आहे.”

“तुम्ही नर्स की मी?” असं म्हणून बाईंनी मफलर ओढलाच.

ओवेनच्या गालांवर आठवड्याभराची दाढी होती. डोक्यावर काळेभोर केस, आणि दाढी अस्सल लाल. चुलीच्या उजेडात ती नाब्लाच्या वेणीशी रंगाला रंग जुळत होती.

नाब्लाच्या हातातली किटली तशीच राहिली. “नर्सबाई, हे असं कसं?”

“कसं म्हणजे? तुला हा रंग कुठून आला असं वाटत होतं? आभाळातून?” बाई पट्टी सोडता सोडता बोलत होत्या. “लाल केस यायला आई आणि बाप, दोघांकडून त्याचं बीज यावं लागतं. एकाकडूनच आलं तर ते आत दडून बसतं. डोकं काळंच राहतं, फार तर असं दाढीत डोकावतं. तुझी आईसुद्धा दडलेलं बीज घेऊनच जन्मली असणार.”

“म्हणजे असं पुष्कळांचं असतं?”

“जगात म्हणशील तर शंभरात एखाद-दुसरं लाल डोकं. आपल्याकडे शंभरात दहाएक. आणि दडलेलं तर जवळपास घराआड घर. कडक उन्हाच्या मुलखात असली कातडी भाजून निघते, तिथे हा रंग टिकत नाही. इथे ऊन पडतं कधी? त्यात तुम्ही बेटावरचे लोक सोयरिकी करता शेजारच्या दारात. दडलेल्याला दडलेलं भेटायला किती वेळ लागतो?” त्यांनी नवी पट्टी आवळली, चहा घेतला आणि त्या भरतीआधी निघून गेल्या.

घरात दोघंच उरली. ओवेन जमिनीकडे बघत म्हणाला, “वस्तरा आण गं. डाव्या हाताने जमत नाही मला.”

रोज पहाटे गोठ्यात थंड पाण्याने दाढी करणारा बाप. बाकी गडी शनिवारच्या शनिवारी दाढी करत आणि ओवेनची थट्टा करत, याचं रोजच लग्न असतं म्हणून. खाऱ्या वाऱ्याने खाज सुटते, असं तो सांगायचा. नाब्लाने वस्तरा फळीवरून उचलला आणि आपल्या झग्याच्या खिशात घातला.

“आईला ठाऊक होतं?”

“होतं.”

“आणि ती गप्प बसली?”

“मीच बसवलं. मिसरूड फुटली तेव्हापासून आमच्या म्हातारीने, तुझ्या आजीने, मला शपथ घातलेली. लाल दाढीवाल्याला होडीत कोण घेईल? खाणार काय होतो आपण?”

नाब्लाला बापाची कीव आली, आणि त्याहून कितीतरी जास्त संताप आला. “तुझी होडी वाचली बा, आणि माझी आई बुडाली. भर चर्चच्या दारात लोक तिला हसायचे आणि तू तिथे गुळगुळीत गाल घेऊन उभा राहायचास!”

ओवेन रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं.

“रविवारी चर्चला असाच ये,” ती म्हणाली. “मफलर न घेता.”

“टर्लॉ मला पुन्हा होडीला हात लावू देणार नाही.”

“तर नाही. चालत येणार आहेस की ओढत नेऊ?”

ओवेन चालत गेला. प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या भिंतीला टेकून पुरुष उभे होते, तिथे जाऊन त्याने टोपी काढली.

“ही माझी दाढी,” तो म्हणाला. “मिसरूड फुटली तेव्हापासून हीच. तुमच्या भीतीने रोज खरवडली. सोरखाचा काही दोष नव्हता. दोष माझा, मी बोललो नाही.”

कुणीतरी हळूच म्हणालं, “अरे देवा! म्हणजे टर्लॉ, इतकी वर्षं तू लाल माणसाच्या पाठीमागे बसून मासे धरलेस?” आणि हशा पिकला. बेटावर सगळ्यात जास्त मासा टर्लॉच्याच होडीला लागायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टर्लॉ हसला नाही. तो बायकांच्या घोळक्याकडे, नाब्लाच्या शेजारी सोरखा उभी राहायची त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला आणि मग घरी निघून गेला. पलीकडच्या गावी मात्र तो गेला नाही.

सोमवारी सकाळी नाब्लाने डोक्याला रुमाल बांधला नाही. बापाची वल्ही खांद्यावर घेतली आणि भर वाटेने, सगळ्यांच्या समोरून ती धक्क्याकडे उतरली. तिला बघताच कॉनल सवयीने माघारी वळला.

“कुठे चाललास रे?” टर्लॉ खेकसला. “ये इकडे.” मग होडीची कड धरून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “नाब्ला ओवेन फेलिम, तू मधे बस. पाणी उतरतंय.”

नाब्लाने मागे वळून वर बघितलं. धक्क्याच्या वरच्या चढावर कबरस्तान होतं, तिथे सोरखाच्या कबरीपाशी लाल दाढीचा ओवेन एकटाच उभा होता.

“टर्लॉकाका,” ती म्हणाली, “ते नाव पुन्हा मोठ्यानं म्हण. आईला वर ऐकू गेलं पाहिजे.”

म्हाताऱ्याने तोंडातली चिलीम काढली, चढाकडे तोंड केलं आणि छाती भरून ओरडला.