आबांच्या मोटरीला मीटर

आबांचा फोन आला तेव्हा मी तळेगावात गॅलरीत नखं कापत बसलो होतो. "जावईबापू, मोटरीला ते तुमचं मीटर लावून द्या," एवढं बोलले आणि फोन ठेवला. मी काय म्हणतो ते ऐकायलासुद्धा थांबले नाहीत. म्हातारा घाईत असेल, म्हणून मी सोडून दिलं.

बायको मात्र चरकली. "आबांनी तुम्हाला काम सांगितलं? बरे आहेत ना ते?"

तिचंही बरोबर होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण सासुरवाडीत मला कुणी पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता. जावयानं ऑइलात हात घालायचे म्हणजे त्या घरात अब्रूचा प्रश्न. त्यात होडीची ती मोटर म्हणजे आबांचा जीव. तिला परक्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे, आणि या बाबतीत जावई परकाच.

पवनेच्या धरणाचं पाणी त्यांच्या गावाच्या आणि पलीकडच्या वाडीच्या मधे शिरलंय. रस्त्यानं जायचं तर भलामोठा वळसा. आबा होडीनं माणसं पलीकडे सोडतात. शाळेच्या बाई, बंगल्यांवर कामाला जाणाऱ्या बाया, कधी गॅसची टाकी, कधी शेळी. एका बंगलेवाल्यानं नवी मोटर घेतली तेव्हा जुनी आबांना दिली होती. दोरी ओढून चालू करायची, पेट्रोलात ऑइल मिसळून पाजायचं, आणि काटा, आकडा, दिवा म्हणाल तर एक नाही. आबा आवाजावरून सगळं सांगायचे. ऑइल जास्त झालं, प्लग काळा पडला, पंख्यात गवत अडकलं, सगळं.

मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंटच्या खात्यात. अख्खा जन्म मीटर लावण्यात गेला. त्यावरून आबा मला भर पंगतीत सोलून काढायचे. "काटा पडला का ह्ये बसत्यात हातावर हात ठिवून. आमी आपलं कानानं चालवतो बाबा!" सगळे हसायचे, मीपण हसायचो. पण खोटं कशाला बोलू, मला राग यायचा.

म्हणून तो फोन आल्यावर मी मनातून जाम खूष झालो. आला ना म्हातारा लाइनीवर!

कारण उघड होतं. दोन महिन्यांपूर्वी मोटर भर पाण्यात बंद पडली होती. होडीत सहा माणसं. वल्हं मारत सगळी काठाला लागली, पण आबांचा मुलगा, म्हणजे माझा मेव्हणा, फार भडकला होता. "पुन्हा एकदा असं झालं तर होडी काठावर आणि तुमी घरात," असं त्यानं सगळ्यांदेखत सुनावलं होतं. घरात बसले तर आबा चार महिने काढणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मेव्हण्यालाही होतं. पण सहा जिवांचा प्रश्न होता, त्याचं काय चुकलं?

थोडक्यात, माझ्या मीटरवर आबांची होडी टिकायची होती. मी ऑनलाइन चांगल्यातलं डिजिटल मीटर मागवलं. इंजिनचे फेरे, तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, इंजिन किती तास चाललं, सगळं एका गोल चकतीत. शिवाय पदरचं म्हणून एक बझर घेतला, कारखान्यात लावतो तसला कर्कश. इंजिन तापलं की झोपलेला माणूस ताडकन उठावा असा. आबांनी मागितला नव्हता. मला वाटलं, जावयानं हात आखडता कशाला घ्यायचा?

रविवारी कामशेतवरून गेलो. मोटर जुनी, तिच्यात बॅटरीच नाही. मग एक छोटी बॅटरी डब्यात घालून आबांच्या बसायच्या फळीखाली ठेवली, तिथंच बझर. प्लगच्या वायरीला एक तार गुंडाळली, तिच्यावरून फेरे कळतात. तापमानाचा सेन्सर इंजिनच्या डोक्यावर बोल्टखाली दाबला. चकती आबांच्या समोर, गुडघ्याजवळ. आबा शेजारी उकिडवे बसून माझ्या हाताकडे बघत होते. एरवी दहा सूचना देणारा माणूस, त्या दिवशी हूं की चूं नाही. फक्त एकदा म्हणाले, "आकडं मोठं दिसत्यात. झ्याक."

मग आम्ही दोघंच चाचणीला पाण्यात गेलो. आमच्या कारखान्यात एक रीत आहे. अलार्म बसवला की ऑपरेटरला न सांगता वाजवायचा. त्यानं हात वर केला की काम पास. सांगून वाजवला तर कुणीही हात वर करतो. त्या सवयीनं मी बझरला लांब वायरीनं एक तपासणीचं बटण जोडून ठेवलं होतं. आबा मागे मोटरीपाशी, मी मधल्या फळीवर. होडी मध्यावर आली तसं मी बटण दाबलं.

बझर किंचाळला. काठावर कपडे धूत असलेली बाई मान वळवून बघायला लागली. आबा समोरच्या डोंगराकडे बघत शांत बसले होते.

मी पुन्हा दाबलं. दाबूनच धरलं. आबा माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "कसं ग्वाड चाललंय न्हाई?"

बझर त्यांच्या बुडाखाली बोंबलत होता हो! मी बटण सोडलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं. त्यांनी मोटर बंद केली. होडी तशीच डुलत राहिली.

"कळलं व्हय तुमाला?"

मी मान हलवली.

"दोन वरीस झाली. डावा कान तर पार गेलाय. माणसं बोलत्यात ते तोंडाकडं बघून समजतं. मोटरीचं तोंड कुटं बघू?" मग चकतीवर बोट ठेवून म्हणाले, "डोळं चांगलं हायेत माजं. म्हनून मागितलं ह्ये."

तेव्हा मला सगळं उलगडलं. मोटर बंद पडली त्या दिवशी शाळेच्या बाई म्हणत होत्या, "आबा, काहीतरी खडखडतंय," आणि आबा नुसते हसले होते. नंतर ते कानावर आलं तेव्हा आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा ताठा.

"लेकाला सांगू नगा," ते म्हणाले. माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मला रडू यायला लागलं आणि स्वतःचा संतापही आला. गप्प बसावं असं फार वाटलं. बझर काढून लाल दिवा लावला असता, काम झालं असतं. पण पाण्यात कुणी पडलं आणि ओरडलं तर? ते कुठल्या चकतीत दिसणार होतं? मी त्यांच्या समोर सरकलो आणि ओठ नीट हलवत म्हणालो, "आबा, माणसं असतात होडीत. तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल."

त्यांनी उठून दोरी ओढली, मोटर चालू केली, आणि मला विचारलं, "आवाज कसा येतोय, सांगा की."

मी चकतीकडे बघायला लागलो, तर त्यांनी तिच्यावर हाताचा पंजा ठेवला. मग मी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा ती मोटर ऐकली. बोटांनी खुणावत सांगितलं, "सारखा येतोय. पण मधेच एक ठोका गळतो. पुन्हा सारखा."

"गळतो तवा फुस्स करतो, का कोरडाच?"

"फुस्स."

"खालचा प्लग," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "अजून सांगा."

जेवढं सुचलं तेवढं सांगत राहिलो. काठ येईपर्यंत.

मेव्हणा काठावर उभाच होता. आबांनी उतरल्या उतरल्या होडीचा दोर त्याच्या हातात दिला. "उद्यापास्नं तू चालीव. मला ऐकू येत न्हाई."

तो हातातल्या दोराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळून चिडून म्हणाला, "दाजी, तुमी तर मीटर लावायला आलता ना? काय केलंत?"

आबांनी लेकाचे ओठ वाचले होते.

"त्यास्नी बोलू नगंस," ते म्हणाले. "मीटर चांगलं लावलंय त्येंनी. पयल्याच दिशी बिघाड दावला."