डोळा नसलेल्या बाजूला

माझ्या कुत्र्याच्या, चिकूच्या डाव्या डोळ्यावरची जखम इतकी खोल गेली होती की डोळा कधीही फुटेल, असं सोलापुरातल्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन करायला ते तयार होते. पण कुत्र्यांच्या डोळ्यांचे खास डॉक्टर पुण्यात आहेत, म्हणाले. काय ते लवकर ठरवा.

मी दवाखान्याच्या बाकावर बसून ज्याला त्याला फोन लावत सुटले. भाऊ म्हणे पुणं गाठ, मैत्रीण म्हणे वाटेतच डोळा फुटला तर? चिकू पंजाने डोळा चोळायला बघायचा आणि मी त्याच्यावरच खेकसत होते.

शेजारी चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याचा गणवेश घातलेला एक माणूस आपल्या काळ्या कुत्रीला इंजेक्शन द्यायला घेऊन आला होता. तिला एकच डोळा होता. दुसऱ्या बाजूने कोणी आलं की तो हळूच आपला गुडघा तिला टेकवायचा, म्हणजे ती दचकायची नाही.

मी पुढचा नंबर लावायला लागले तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी बी असाच इचारत बसलो हुतो. डाक्टर कुनीच वाईट नव्हता की. माझं इचारून होईस्तोवर डोळा गेला."

मी फोन पर्समध्ये टाकला आणि आत जाऊन डॉक्टरांना म्हटलं, "पुण्याला निघते. वाटेत काय जपायचं ते सांगा."

चिकूचा डोळा वाचला. तो माणूस पुन्हा दिसला नाही. पण फिरायला निघालो की मी अजून चिकूच्या डाव्या बाजूनेच चालते.